हळदीतला जवळा

साड्या धड उतरल्या तर मालूच्या पदरात पडणार होती एक अंधारी खोली. दुसरी कुणी असती तर तिने पाटल्या मागितल्या असत्या, निदान माहेरी चार दिवस. मालूला हवी होती ती वरसे गावातल्या आपल्याच घराची मागची खोली, कायमची. तिथे ती कापडावर छपाई करी. नवरा गुणाजी मात्र तिथे कंपनीतला कुणी सडाफटिंग भाडेकरू बसवायच्या बेतात होता.

"ही एक ऑर्डर बघू," तो म्हणाला. "जमली तर खोली तुझी. नाय जमली तर खाट शिफ्टवाल्याची."

जिंकली तर बायको खूश, हरली तर भाडं चालू. दोन्हीकडून शिवण घातलेली उदारता होती ती.

ऑर्डर आली होती पेणच्या खाडीकडून, सासूच्या माहेरगावातून. इंदुबाईच्या लेकीची हळद होती. नाचणाऱ्या साऱ्या बायकांना एकसारख्या पिवळ्या साड्या हव्या होत्या, वर कुंकवाच्या रंगात कमळं.

मालू कोलाडकडची, डोंगराखालच्या भातशेतीतली. त्या खोलीत शिरली की तिला लावणीच्या वेळी पाण्यात उभं राहिल्यासारखं वाटे. खिडकीला काळा पडदा, वर मिणमिणता पिवळा दिवा, दोरीवर ओली कापडं डुलत असायची आणि वेळ बाहेर चपलांपाशीच बसून राही. लाकडी चौकटीत ताणलेल्या बारीक जाळीवर ती हिरवा लेप चढवी. तो अंधारात वाळवायचा, मग वर नक्षीचा कागद ठेवून उन्हात धरायचा. ऊन लागेल तिथे लेप घट्ट बसतो. नक्षीखाली कच्चा राहतो आणि धुऊन जातो. त्या वाटेने रंग कापडावर उतरतो.

लेप लावलेली चौकट खाटेखाली सरकवून मालू रंग आणायला रोह्याच्या बाजारात गेली.

सासू धोंडुबाईचा जन्म गेला मिठागरात. ओलं दिसेल ते उन्हात न्यावं, हाच तिचा धर्म. अंधारात पडलेली ओली जाळी बघून तिचा जीव कळवळला. त्यात एवढी कोरी, बारीक जाळी रिकामीच कशाला तापवायची? माहेरून आलेला ताजा जवळा, ती नखाएवढी कोलंबी, तिने आत बसूनच जाळीभर पसरली आणि मग चौकट उचलून अंगणात ठेवली.

मालू परतली तेव्हा जवळा लेपाला चिकटून निवांत वाळत होता.

"आई, हे काय केलंत?"

"काय केलं गो? बुरशी धरली असती तुज्या जालीला. खाटेखाली कुनी वालत घालतं व्हय?"

लेपाची बाटली संपलेली, नवी मिळायची ती मुंबईला, आणि हळद परवावर आलेली. मालूने जवळा झटकला, चौकट मोरीत नेली आणि पाणी ओतलं. जिथे जिथे जवळा पडला होता तिथूनच हिरवं पाणी ओघळलं. तिने जाळी उजेडावर धरली. इवल्या इवल्या बाकदार रेषा, मिश्यांसकट, भरतीबरोबर कुठेशी निघालेल्या. ओरडायचं राहून गेलं. ती नुसती बघत बसली.

"चंद्रकोरी म्हणू," ती स्वतःशीच म्हणाली आणि रबरी पट्टीने रंग ओढायला लागली. दोरीवर साड्या सुकत होत्या तेव्हा वारा नव्हता, तरी त्या रेषा पोहत असल्यागत वाटत होत्या.

इंदुबाईने कमळांची चौकशी केली, पण चंद्रकोरी शुभ म्हटल्यावर साड्या ठेवून घेतल्या. हळदीच्या मांडवात मात्र बायजाबाई होती. लग्नाची गाणी म्हणणारी ही म्हातारी सुईत दोरा अजून स्वतः ओवी. गाता गाता तिने इंदुबाईचा पदर डोळ्यांशी नेला.

"अगो, चंद्रकोरीला मिश्या कवापासून आल्या? ह्यो त जवला!"

गाणं तुटलं. कुणीतरी फिदकन हसलं. इंदुबाई लाल झाली. मालूला आपल्या खोलीतल्या खाटेवर परक्या माणसाची वळकटी दिसायला लागली.

"जवलाच हाय!" धोंडुबाई पुढे झाली. "खाडी भरली का जवला येतो, का नाय? तसं पोरीचं घर भरू दे म्हनून माज्या सुनेनं मुद्दाम काढला. डोकं तिचं. मला काय कलतंय त्यातलं?"

मालूने तोंड उघडलं. सासूने ते डोळ्यांनीच मिटवलं.

"डोंगराकडची पोर तू," बायजाबाई म्हणाली, "खाडी कशी कलली गो तुला?"

"सासूनं दाखवली," मालू म्हणाली. त्या मांडवातलं तेवढंच वाक्य खरं होतं.

मग गाणं पुन्हा उठलं. पिवळ्या साड्या गोल फिरल्या, आणि लाल जवळा पाण्यासारखा मांडवभर वाहत सुटला. जिला तिला आपल्या घरच्या हळदीला तीच साडी हवी झाली.

हिशेब मांडायचाच तर खोली मालूला मिळाली. इंदुबाईच्या हळदीचं नाव गावोगाव झालं. गुणाजीचं भाडं बुडालं, पण न आलेलं भाडं बुडालं असं एकटा गुणाजीच म्हणे. किंमत मोजली ती धोंडुबाईने. जन्मात एकच नक्षी तिच्या हातून उतरली होती, आणि ती तिने भर माहेरात, सगळ्या मैत्रिणींदेखत, सुनेच्या नावावर करून टाकली.