ममताची सुई

सिहोऱ्याच्या तलावात मासे धरणाऱ्या तुलारामनं चार महिन्यांत सोळा किलो वजन उतरवलं, आणि तेव्हापासून त्याला उपदेशाची खोड लागली. मोबाइलवर बघून त्यानं भात सोडला होता. धानाच्या मुलखात ही काही लहान गोष्ट नाही. तिन्ही वेळा मासे, अंडी, पालेभाजी. रक्तातली साखर उतरली, डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. मग गडी पारावर छाती काढून बसू लागला. पाचजणांना त्यानं भात सोडायला लावलं. एकाला गुण आला, एकाचं पोट जाम झालं, बाकीचे गुपचूप भाताकडे परतले.

त्याची मुलगी ममता हिला साखरेचा आजार नवव्या वर्षापासूनचा. तिच्या शरीरात इन्सुलिन बनतच नव्हतं, म्हणून दिवसातून चारदा सुई. त्या सुईपायी दोन स्थळं परत गेली होती. आता पंधरा दिवसांनी आंधळगावची माणसं बघायला येणार होती, आणि त्याआधी पोरीची सुई सुटलीच पाहिजे, असं तुलारामनं मनात घेतलं. बापाचा रोग वेगळा, लेकीचा वेगळा, हे डॉक्टरांनी त्याला दहादा सांगितलं असेल. पण बऱ्या झालेल्या माणसाला कोण शिकवणार?

ममतानं भात सोडला. साखर खरंच उतरली. एका सकाळी साखर मोजायच्या यंत्रावर एकशेदहा आकडा आला, तेव्हा तो म्हणाला, "भातच नाही खात तं सुई कायले टोचतेस वं? बंद कर आता."

तिनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. यंत्र दोनशेच्या आसपास दाखवत होतं. एरवी याहून जास्त असायचं, म्हणून तो निर्धास्त. मलाही सुरुवातीला असंच झालं होतं, म्हणत त्यानं मीठपाणी पाजलं. ती धापा टाकू लागली, तेव्हा कुठं त्यानं तिला गाडीत घातलं.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, साखर कमी दिसली तरी रक्तात आम्ल साचलंय. सुई कुणी बंद केली, असं त्यांनी विचारलं. खाटेवरून ममता श्वास ओढत बोलली, "मीच केली. बाबाले मालूम नोहोतं."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या भेकड माणसानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. घरी माणसं जमली. इतका जाणता बाप घरात असून पोरीनं त्याला विचारलं नाही, असं म्हणत सगळी तुलारामच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.