दुसऱ्यासाठी वाजलेला मिट

मी पार्थ कानिटकरचा मिट बोलतोय. मिट म्हणजे बेसबॉलमधल्या कॅचरचा जाडजूड हातमोजा. आपला विकेटकीपर आठवा, फक्त इथे मोजा एकाच हातात. सध्या मी तोक्योच्या एदोगावा भागातल्या एका फ्लॅटमध्ये, दाराजवळच्या बुटांच्या कपाटावर पडून आहे. माझं डोकं फिरलंय, म्हणून बोलतोय.

कारखान्यातून आलो तेव्हा मी लाकडासारखा कडक होतो. पार्थ हायस्कूलच्या संघात आला तेव्हा त्याच्या बाबांनी, प्रसन्नरावांनी, मला विकत घेतलं. दुकानदाराने दिलेलं तेल बाजूला ठेवून पार्थच्या आईने, चित्राताईंनी, मला खोबरेल चोळलं. अगदी बाळाला चोळावं तसं! संघातली मुलं माझा वास घेऊन नाक मुरडायची, पण मी मऊ झालो आणि खणखणीत वाजायला लागलो.

दर रविवारी बाबा पार्थला नदीकाठी न्यायचे. कोपर न वाकवता बॉलिंग करण्यात त्यांची उमर गेलेली, तरी पोरासाठी ते बेसबॉलचा चेंडू टाकायला शिकले. खांदा धरून बसायचे, पण थांबायचे नाहीत. मला हा माणूस फार आवडायचा.

यंदा उन्हाळ्यातल्या स्पर्धेत पार्थचा संघ हरला. शाळेचं शेवटचं वर्ष. पुढे खेळायचं तर विद्यापीठाच्या संघात शिरायला हवं, आणि त्यासाठी शाळेच्या प्रशिक्षकांचा, मोरितांचा, शब्द लागतो. विद्यापीठ मग मुलांना एक दिवस मैदानावर बोलावून पारखतं. एका संध्याकाळी बाबा घरी आले आणि म्हणाले, "पार्थ, सिलेक्शनला जायचंय आपल्याला. मोरिता-सानांचा फोन होता."

"होंतो? खरंच?" पार्थ खुर्चीवरून उठलाच. चित्राताईंनी देवापुढे साखर ठेवली.

निवडीच्या दिवशी विद्यापीठाच्या मैदानावर जाळीमागे आईबाप ओळीने बसले होते. कोणी ओरडत नव्हतं की टाळ्या वाजवत नव्हतं. मैदानावरच्या मुलांच्या पाठीवर नंबर होते. पार्थच्या पाठीवर नव्हता. नंतर देतील, असं त्याला वाटलं.

पार्थच्याच शाळेचा ओनो चेंडू टाकायला आला आणि पार्थ त्याच्यासमोर बसला. मी जीव तोडून वाजलो. मिट चांगला वाजला की चेंडूही वेगवान वाटतो. निवड करणारे माना पुढे काढून बघत होते. एक चेंडू मात्र आपटून सुटला आणि जाळीपर्यंत गेला. पार्थने टोपी काढली, वाकून माफी मागितली.

बॅटिंगला नंबर पुकारले गेले. पार्थला कोणी बोलावलं नाही. शेवटी मला बाबांकडे देऊन तो मैदान सारखं करायला गेला. तेवढ्यात प्रशिक्षक मोरिता आले.

"कानिटकर-सान, फार मदत झाली. ओनोचं जवळपास नक्की आहे."

"पार्थला बॅटिंग तरी..." बाबा चाचरले.

मोरिता गोंधळले. "पण मी फोनवर सांगितलं होतं ना? बोलावणं ओनोलाच आहे, पार्थ फक्त त्याचे चेंडू घ्यायला येईल. तुम्ही हो म्हणालात. पार्थलाही सांगतो म्हणालात."

बाबा कमरेत वाकले. "हाय, हो. माझ्या लक्षात आहे."

लक्षात आहे! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मोरितांचा राग करू तर त्यांनी सगळं स्पष्ट सांगितलेलं. बाबांचा हिशोब आपल्याकडचा होता. एकदा आत शिरू तर द्या, पोराचा खेळ बघून घेतील की कोणीतरी! पाय ठेवायला ओसरी मिळाली की पुढचं पुढे. पण इथे ठरलं ते ठरलं, हे इतकी वर्षं इथल्याच तोयोसू भागातल्या ऑफिसात काढलेल्या माणसाला माहीत नव्हतं?

परतताना ट्रेनमध्ये पार्थने विचारलं, "बाबा, तो एक चेंडू सुटला नसता तर?"

तेव्हा तरी खरं सांगायचं! बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "होईल रे. अजून उत्तर यायचंय."

तेव्हापासून पार्थ रोज विचारतो, मोरिता-सानांचा फोन आला का? आणि तो सुटलेला चेंडूच घोटत बसतो. मनगट सुजलंय, जेवणात लक्ष नाही. गेल्या रविवारी बाबांनी स्वतः त्याला तसेच आपटणारे चेंडू टाकले आणि वर म्हणाले, "बघ, आता सुटत नाही."

बाबा, मला जाळायच्या कचऱ्यात टाकलंत तरी चालेल. पण त्याला एवढं सांगा की त्या चेंडूने काही बिघडलं नव्हतं. पोर स्वतःला दोष देतंय, आणि तुम्ही देऊ देताय.

उद्या रविवार. तुम्ही पुन्हा चेंडू टाकाल. तुमचा चेंडू झेलायची मला आता इच्छा नाही. तरी झेलीन, कारण माझ्या आत पार्थचा हात असतो.