नखांवरची टकटक

मी बाण बोलतोय. लाकडाचा नाही आणि हल्लीच्या कार्बनचाही नाही. मी ॲल्युमिनियमचा, पोकळ, हलका आणि वयाने बऱ्यापैकी जुना. सुटलेला बाण परत येत नाही, असं तुमच्यात म्हणतात. ज्याने हे पहिल्यांदा म्हटलं त्याने तिरंदाजीचा क्लब पाहिलेला नसावा. मी उभा जन्म परत येण्यातच घालवला. सुटायचं, गवताच्या गादीत घुसायचं, कुणीतरी चालत येऊन उपटायचं, पुन्हा भात्यात जायचं. त्याचं मला सुखही नव्हतं आणि दुःखही नव्हतं.

अमेरिकेतल्या एका कारखान्यात माझी नळी ओढली गेली. अंगावर झाडाच्या पानांची हिरवी-तपकिरी छपाई झाली, रानातल्या जनावराला दिसू नये म्हणून. म्हणजे जन्म शिकारीसाठी. आणि मला विकत कुणी घेतलं? युट्रेख्टजवळच्या हेंक नावाच्या डच सुताराने. या देशात धनुष्यबाणाने शिकार करायला कायद्याने बंदी आहे. माझं सगळं सोंग फुकट गेलं. क्लबमागच्या झाडीत फोमचं एक रानडुक्कर उभं होतं, त्यालाच आम्ही वर्षानुवर्षं मारलं.

पुढे सगळ्यांनी कार्बनचे बाण घेतले. हेंक मात्र आम्हालाच धरून राहिला. "कार्बन मुका असतो," तो म्हणायचा, आणि भाता हलवून आमची किणकिण नव्या पोरांना ऐकवायचा. पोरं मान डोलवून आपापल्या कामाला लागायची. शेवटी त्याचा खांदा गेला, आणि त्याने आम्हाला राखीच्या हवाली केलं.

राखी मूळची पिंपरीची, इथल्या विद्यापीठात संशोधन करणारी. तिचा नवरा लोकेश आयटीत. रोज ट्रेनने रॉटरडॅमला जायचा आणि रविवारी मैदानावर येऊन तिची थट्टा करायचा. "काय एकलव्य, अंगठा जाग्यावर आहे ना?" ती धनुष्याने त्याला ढोसायची. मला ती दोघं बरी वाटायची.

हेंकने तिला आमची परीक्षा शिकवली होती. ॲल्युमिनियम वाकतं, आणि बारीक बाक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून अंगठ्याच्या आणि मधल्या बोटाच्या नखावर बाण आडवा ठेवायचा, टोक दुसऱ्या तळहातावर टेकवायचं आणि गिरकी द्यायची. सरळ बाण गुपचूप फिरतो. वाकडा नखांवर टकटक करतो; ती टकटक कानाला नाही, बोटांना कळते. राखीची बोटं इतकी तयार झाली की हेंक क्लबचे जुने बाणसुद्धा तिच्याकडूनच तपासून घेऊ लागला.

मग ती आजारी पडली. आतड्याचं ऑपरेशन झालं आणि केमो सुरू झाली. ताकद असेल त्या रविवारी ती तरीही यायची, हातमोजे घालून. एकदा तिच्या हातून दोरी वेडीवाकडी सुटली आणि मी लक्ष्याच्या लाकडी पायावर आपटलो. मला बाक आला. तिने मला उपटलं, मोजे काढले, नखांवर ठेवून फिरवलं. मी जीव खाऊन टकटक केली. तिने मला चांगल्या बाणांत ठेवून दिलं.

तेव्हा मला कळलं. इतर कुणाला कळलं नव्हतं.

आमचा भाता त्यांच्या घरी दारापाशी, कोटांच्या शेजारी टांगलेला असे, आणि तिथून स्वयंपाकघर समोर दिसायचं. एका सकाळी चपाती उलटताना तिचं बोट तव्यावर टेकलं. तिने ते उचललं नाही. वास आला तेव्हा तिने खाली पाहिलं. संध्याकाळी लोकेशला सांगितलं, "अरे, ओव्हनचा ट्रे लागला." त्याने मलम लावून दिलं.

दर केमोच्या आधी हॉस्पिटलातून नर्सचा फोन यायचा, औषधाने हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा येतोय का ते विचारायला. "नो, नो टिंगलिंग. फिंगर्स आर फाइन," राखी हसून सांगायची. खरं ती फक्त पिंपरीच्या बहिणीला सांगायची, मृदुलाला. "सांगितलं की डोस कमी करतात गं. अर्ध्या औषधाने अर्धाच आजार गेला तर? बोटांचं काय, बोटं गेली तर गेली." मृदुला पलीकडे रडायची. राखी नाही. मीही नाही, धातूला बधिरपणाचं काय कौतुक!

मी डावीकडे भरकटत राहिलो. तिला वाटलं, आपल्यातच जोर उरला नाही. बाकावर कॉफी पीत बसलेल्या हेंकलाही तसंच वाटलं.

मग एका शनिवारी लोकेश टेबलाशी चहा घेत बसला होता. हाताला चाळा म्हणून त्याने भात्यातले बाण काढले आणि एकेक नखावर फिरवू लागला. ती युक्ती तिनेच त्याला शिकवली होती. माझी पाळी आली. टकटक.

"अगं, हा वाकडाय!"

"बघू," राखी म्हणाली आणि तिने हात पुढे केला. लोकेशने मला कपापाशी ठेवलं होतं. गडबडीत त्याने शेजारचा उचलला. आम्ही दिसायला सगळे सारखेच. तो तिच्या नखांवर ठेवून त्याने गिरकी दिली. "लागतंय?"

तिने बाणाकडे पाहिलंच नाही. त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "लागतंय की. चांगलाच वाकडाय."

लोकेशची नजर कपापाशी गेली. तिथे मी होतो. त्याने मला पाहिलं, तिच्या हातातल्याला पाहिलं.

"राखी, हा सरळ आहे."

"चहा गार होतोय तुझा."

त्याने तिच्या बोटाचं टोक चिमटीत धरलं. "हे कळतंय?" "नाही." "हे?" "नाही." तो तळहातापर्यंत आला.

"म्हणजे तो ओव्हन नव्हता?"

"तवा होता."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू त्यांना सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं!"

"म्हणूनच." मग ती हळू आवाजात म्हणाली, "डोस कमी करतील, लोकेश. काही आत राहिलं तर?"

"माहीत नाही मला," तो म्हणाला. "पण एकटीने नको ठरवूस." तिचा हात त्याने सोडला नाही. सोडला असता तरी तिला कळलं नसतं.

सोमवारी त्याने फोन लावून तिच्या हातात दिला. नर्सने नेहमीचंच विचारलं. राखी म्हणाली, "येस. इन द फिंगर्स." मग म्हणाली, "अँड इन द फीट." पायांचं लोकेशलाही नवीन होतं. तो पायरीवर बसला.

डोस कमी झाला. पुढे काय होईल ते डॉक्टर सांगत नाहीत. बोटं अजून तशीच आहेत. हेंकने मला यंत्रावर सरळ करून द्यायची तयारी दाखवली. पण एकदा वाकलेलं ॲल्युमिनियम पुन्हा त्याच जागी वाकतं, हे त्यालाही ठाऊक आहे. आता मी क्लबच्या भंगाराच्या बादलीत आहे. वितळून डबा होईन, नाहीतर सायकलचा एखादा भाग. माझी तक्रार नाही.

मागायचंच झालं तर एक मागतो. तुमच्या घरात कुणी आजारी असेल आणि "मी ठीक आहे" म्हणत असेल, तर त्याच्या हसण्यावर जाऊ नका. एकदा त्याची बोटं दाबून बघा.

बादलीपर्यंत राखीच मला घेऊन आली. ठेवताना लोकेशला म्हणाली, "वजनच नाही रे याला, हातात आहे की नाही तेही कळत नाही." तिला वाटत होतं, तिने मला हलकेच धरलंय. तिची बोटं माझ्याभोवती पांढरी पडली होती.