कोंडाबाईचा संगजिऱ्याचा खडा

मी एक जुना संगजिऱ्याचा खडा आहे. पांढरा, बोटाला साबणासारखा गुळगुळीत. मित्रांनो, माझं फार कौतुक होतं आणि त्या कौतुकाचाच मला वीट आला आहे!

खाणीतून मी बिदरच्या एका युनानी हकीमसाहेबांकडे आलो. ते माझी वस्त्रगाळ भुकटी खरचटलेल्या जागी लावत. निर्णा गावच्या कोंडाबाईच्या हाती मला देताना त्यांनी बजावलं होतं, "छोटी जखम रही तो लगाना, अम्मा. पट्टी तीन दिन नक्को खोलो." त्यातली 'छोटी जखम' कोंडाबाई बिदरच्या बसमध्येच विसरली. 'तीन दिन' मात्र पक्कं लक्षात ठेवलं.

खुरपं लागलं, विळा लागला, की डब्यातून मला काढायचं आणि खरवडायचं. गावात माझं नाव झालं. तिथेच घात झाला.

२००४ च्या उन्हाळ्यात तिचा नवरा पिराप्पा याच्या पायात मेंढवाड्याचा गंजका पत्रा खोल घुसला. कोंडाबाईनं त्यात माझी भुकटी ठासली आणि वर करकचून पट्टी बांधली. अगं बाई, मी दगड आहे, डॉक्टर नाही! पण मला ओरडायला तोंड कुठे आहे?

दुसऱ्या दिवशी पाय टम्म सुजला. पिराप्पा कळवळून म्हणाला, "सोड की गं, लई ठणकायलंय."

"न्हाई. तीन दिस सोडायचं न्हाई!"

आत मी पुवात भिजत होतो. माझा नुसता जळफळाट होत होता.

तिसऱ्या दिवशी पुण्याला बांधकामावर असलेला मुलगा रविकुमार सुट्टीवर आला. दारातच त्याला वास आला. "आई, काय करायलीस हे? दवाखान्यात कामून न्हाई नेलीस?" त्यानं जीप आणली आणि बापाला हुमनाबादला नेलं. अंगठा कापावा लागला. पाय वाचला.

मला वाटलं, आता तरी डोळे उघडतील. कसलं काय! पिराप्पा लंगडत घरी आला आणि कोंडाबाई गल्लीभर सांगत सुटली, "अंगठ्यावर निभावलं बघा. पाय ह्या खड्यानं राखला!" वर मला हळदकुंकू वाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मित्रांनो, साधं खरचटलं तर मला खुशाल खरवडा. पण गंजकं लोखंड लागलं तर मला डब्यातच राहू द्या आणि तडक दवाखाना गाठा. एवढंच माझं मागणं आहे.

पण ऐकतो कोण? ही बघा, शेजारची रेणू धापा टाकत आली आहे. "अक्का, आमच्या अप्पाच्या पायात खिळा घुसलाय. तुमचा खडा द्या की!"

"व्हय, देते की," म्हणत कोंडाबाई डब्याचं झाकण उघडते आहे.