सासऱ्याने न दिलेली मोटार

चुडामणने मोटार घेतली ती स्वतःच्या केळीच्या पैशातून, लग्नाच्या सहा महिने आधी, भुसावळच्या एका रिटायर गार्डाकडून. कागद त्याच्याच नावाचा. दुरुस्तीला ती तिकडेच पडून राहिली आणि वरणगावला लग्न लागल्यावर नवरीला घेऊन पहिल्यांदा सावद्याकडच्या त्याच्या गावात शिरली. वेशीवर कुणीतरी विचारलं, “सासऱ्यानं दिली का रे बोवा?”

नाही म्हणायला काय जात होतं? पण गडी मिशीवर हात फिरवून हसला. स्वतःच्या कष्टाने मोटार घेणाऱ्याला आपल्याकडे कोण विचारतो? सासऱ्याकडून काढली तर माणूस मोठा! पुढली पाच वर्षं चुडामण चारचौघांत ‘आमच्या मामांनी दिलेली मोटार’ म्हणत फिरला.

मामा म्हणजे सासरा, निंबा. त्याने आंदणात पाच भांडी आणि एक गाय दिली होती, तीही पोटाला चिमटा घेऊन. आता धाकट्या सुमनला बघायला येणारा प्रत्येक जण चहा पिऊन झाला की विचारायचा, “थोरलीले मोटार देली, मंग आम्हाले काय?” निंबा नाही-नाही म्हणून थकला. त्याला सगळे चिक्कू म्हणू लागले, आणि सुमन घरातच राहिली.

एवढ्यात चुडामणला भुसावळच्या जीवराम ठेकेदाराची मुलगी सांगून आली. मग काय, बायकोचा, लताबाईचा स्वयंपाकसुद्धा त्याला खारट लागू लागला. त्याने फारकत मागितली. तीही म्हणाली, “घ्या बाप्पा, मीही विटली.”

मारुतीच्या पारावर पंच बसले. जीवराम ठेकेदारही मुद्दाम येऊन बसला होता. पंचांतले थोरले धनसिंगआबा म्हणाले, “रीत सर्वायले ठाऊक हाये. माहेरून आलं ते माहेरी जाईन. लिहा. पाच भांडी, एक गाय, एक मोटार.”

चुडामण ताडकन उठला. “मोटार? मोटार माही हाये! लग्नाच्या आधीची!”

“मंग पाच वर्सं सासऱ्याचं नाव काहून घेत होता?” आबांनी विचारलं.

सारा पार हसला. कागद घरात पेटीत होता. धावत जाऊन आणला असता तर मोटार वाचली असती. पण तो कागद दाखवायचा म्हणजे आपण पाच वर्षं खोटं बोललो हे गावाला, पंचांना आणि समोर बसलेल्या ठेकेदाराला आपल्याच हाताने वाचून दाखवायचं.

आबांनी निंबाला विचारलं. निंबा म्हणाला, “मी नाही म्हनलं तं कोनी आयकलं नाही, आबा. आता जावई म्हनतीन ते खरं.”

लताबाई डोक्यावरचा पदर सारखा करून उभी राहिली. “मले काय इच्यारता? यायलेच इच्यारा. माह्या बापानं देली, का हे खोटं बोलले?”

चुडामणने जीवरामकडे पाहिलं. मोटार काय, पुन्हा घेता येईल. ठेकेदार पुन्हा मिळायचा नाही.

“देली,” तो म्हणाला.

मेल्याने तोंडाने गमावलं! कागदावर सह्या-अंगठे झाले. जीवरामने टोपी नीट केली. “एका सासऱ्यानं मोटार देली, तिथं आम्ही गरीब काय पुरे पडनार बोवा?” म्हणाला आणि टांगा धरून चालता झाला.

आता मोटार न्यायची कशी? चालवता येत होती ती एकट्या चुडामणला. पंचांनी त्यालाच वरणगावपर्यंत नेऊन द्यायला सांगितलं. मागे निंबा आणि लताबाई ऐसपैस बसले, पायाशी भांडी. गाय दुसऱ्या दिवशी माणसाबरोबर येणार होती.

निंबाच्या दारात मोटार थांबली तशी आळी गोळा झाली. बायका काचेला हात लावून पाहू लागल्या. शेजारची कमलबाई म्हणाली, “अगं बाई लता, मोटार आनली! अन् डायवरही?”

“डायवर आपला नाही, काकू,” लताबाई भांडी उतरवत म्हणाली. “त्याले सहाच्या गाडीनं परत धाडाचाय.”