सुकेपर्यंत वापरू नये

पंधरा वर्षं लोकांच्या घरचे संडास बसवून देणाऱ्या प्लंबरने स्वतःच्या घरी, अडीच वर्षांच्या लेकीपुढे, अक्षरशः हात टेकले होते.

लेकीला सगळे ठकी म्हणत. ठकीचं डायपर सुटलं तरच पाळणाघर तिला घेणार होतं. "वीस मुलं आणि आम्ही दोघी," पाळणाघरवाल्या बाईंनी सांगून टाकलं होतं. "डायपरवालं मूल नको." आणि ठकी पाळणाघरात गेली तरच तिची आई कामावर जाऊ शकणार होती. कवळ्या बनवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ठकीच्या जन्मापासून तो हात भांडी घासण्यातच चालला होता. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिची जागा सोमवारपर्यंत धरून ठेवली होती, आणि हात पुन्हा बसावा म्हणून हा आठवडाभर तिला रोज दुपारपर्यंत बोलावलं होतं.

"तू जा बिनधास्त," प्लंबर छाती पुढे काढून म्हणाला होता. "संडासाचं काम आहे. ते या घरात माझ्याशिवाय कोण करणार?"

त्याने कामं पुढे ढकलली. बालवाडीच्या एका कामातून उरलेला गुडघ्याएवढा कमोड घरी होता, तो बाथरूमच्या कोपऱ्यात बसवला. बुडाशी व्हाइट सिमेंट भरलं, बोटाने गुळगुळीत केलं, वर लाल पट्टी चिकटवली. ठकी बाजूला उकिडवी बसून डोळे मोठे करून बघत होती. काम संपल्यावर जे प्रत्येक घरी म्हणायचं ते तो सवयीने बोट वर करून म्हणाला, "सुकेपर्यंत बसायचं नाही हं. कुणीच नाही."

दुसऱ्या दिवशी पट्टी काढून तो लाडाने म्हणाला, "बस, राणी." ठकी दारापर्यंत आली, आत डोकावली, मागे फिरली आणि थेट दारामागे जाऊन शू करून आली.

आता दुसऱ्या कुणी गोष्टी सांगितल्या असत्या, बाहुलीला बसवून दाखवलं असतं. हा पडला प्लंबर. त्याला वाटलं, भांडं डुगडुगत असणार, म्हणून पोर घाबरते. त्याने हलवून पाहिलं, केसभर हललं असं त्याला वाटलं, झालं. उखडलं, पुन्हा बसवलं, पुन्हा सिमेंट, पुन्हा बोट वर. "सुकेपर्यंत नाही हं!" बुधवारी दारामागे तळं. मग त्याच्या मनाने घेतलं की उंची जास्त आहे. गुरुवारी दोन बोटं खाली घेतलं. सिमेंट, पट्टी, बोट. शुक्रवारी तर ठकीने सकाळपासून धरूनच ठेवलं. ओठ आवळून, पाय एकमेकांत अडकवून घरभर फिरत राहिली. शेवटी बाल्कनीतल्या कुंडीमागे रडत रडत मोकळी झाली. संध्याकाळी प्लंबरने बुडाशी पुन्हा सिमेंट भरलं, पट्टी लावली, बोट वर केलं.

"हट्टी आहे," तो बायकोला म्हणाला.

"कुणावर गेली?" बायको म्हणाली खरी, पण तिचा चेहरा उतरला होता. "राहू दे रे. नाही जमलं तर नाही. मी कळवते त्यांना."

ते ऐकून त्याने ताट बाजूला सारलं. अडीच वर्षं तिने जीव मारला होता आणि तो मात्र एक भांडं बसवू शकत नव्हता.

शनिवारी सकाळी सासूबाई आल्या. प्लंबर त्यांना वचकून असायचा. बाई बोलायच्या कमी आणि बघायच्या फार. बायको कामावर गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल ओढलं आणि बाथरूमसमोर मांडून तासभर बसून राहिल्या. प्लंबर आत गुडघ्यांवर बसून कमोडभोवती कुठे तडा गेलाय का ते विजेरीने शोधत होता, आणि पाठीवर त्यांची नजर असल्याने त्याला घाम फुटला होता.

"जावईबापू," शेवटी त्या म्हणाल्या, "त्या भांड्याला काही झालेलं नाही."

"मग ही बसत का नाही, आई?"

"तुम्ही भांड्याकडे बघताय. मी तिच्याकडे बघतेय. तुम्ही मघाशी पाणी प्यायला उठलात ना, तेव्हा ती आत गेली. सिमेंटवर बोट टेकवलं, अगदी तुम्ही टेकवता तसं. मग पट्टीकडे बघितलं आणि परत आली. चड्डी सांभाळत. पोरगी हट्टी नाही हो. ती तुमचं ऐकतेय."

प्लंबर रोज 'बस' म्हणाला होता, 'सुकलं' असं एकदाही नाही. पंधरा वर्षांत शेकडो घरांत त्याने हेच सांगितलं होतं. सगळी माणसं हो हो म्हणायची, संध्याकाळीच वापरायची आणि वर गळतीची तक्रार करायची. त्याचं म्हणणं आजवर एकाच माणसाने पाळलं होतं. चार दिवस, पोट दुखेपर्यंत. आणि त्याला तो हट्टी म्हणत होता.

त्याने ठकीला हाक मारली. तिच्यासमोर पट्टी सोलून काढली. तिचं बोट हातात घेऊन सिमेंटवर ठेवलं.

"सुकलं," तो म्हणाला. "सुकलं, राणी. आता बसायचं. बाबा सांगतोय."

"शुकलं?" ठकीने खात्री करून घेतली.

"एकदम."

ठकी बसली. आणि मग जे सुरू झालं ते चांगलं मिनिटभर चाललं. बाहेर स्टुलावर सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

रविवारी पाच वेळांपैकी चार वेळा जमलं. सोमवारी ठकी चड्डी घालून पाळणाघरात गेली. बायकोने जुना डबा भरून घेतला, दारात त्याचा दंड घट्ट दाबला आणि पळतच गेली. घरात राहिले प्लंबर आणि पिशवी भरणाऱ्या सासूबाई.

आभारबिभार मानायची त्याला सवय नव्हती. पण न बोलता त्यांना जाऊ देणं त्याच्याने होईना.

"आई, तुमचे फार उपकार झाले," तो म्हणाला. "तुम्ही आला नसतात तर मी पुन्हा एकदा उखडून सिमेंट भरलं असतं."

"हो," सासूबाई म्हणाल्या, "आणि ती पुन्हा थांबली असती."