चाखणारी

भिंगरीने दोन्ही मुठी बरणीत घातल्या आणि चिरलेला कोबी आणखी जोरात दाबला. मीठ चोळलेल्या पानांना पाणी सुटून ते वर यायला हवं होतं, येत नव्हतं. मनगटावरच्या ओरखड्यांत मीठ झोंबत होतं. शेजारी उभ्या असलेल्या मामांनी चिमूटभर कोबी लाकडी चमच्यात घेऊन तिच्यापुढे धरला.

"चाख आणि सांग."

चार आठवडे हेच चाललं होतं. सेंद्रिय शेती आणि तिथलं खाणंपिणं शिकायला कॉलेजने दोघा विद्यार्थ्यांना परदेशातल्या या शेतावर पाठवलं होतं. शेत मामांचं. ते खरं तर कुणाचेच मामा नव्हते, पण त्यांचं नाव जिभेला वळेना, म्हणून बरोबरच्या पंडितने पहिल्याच दिवशी नातं जोडून टाकलं आणि त्यांनाही ते आवडलं. शेताचा कारभार त्यांची मुलगी, म्हणजे ताई, बघायची. स्वयंपाकघर आणि बरण्यांची खोली मामांकडे. पंडित ताईंबरोबर वाफ्यांवर गेला आणि भिंगरी मामांच्या वाट्याला आली.

आईने तिचं हे नाव उगाच ठेवलं नव्हतं. एका जागी बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं. इथे मात्र दिवसच्या दिवस चार भिंतींत कोबी, गाजर आणि मीठ. प्रमाण विचारलं तर मामा चमचा पुढे करायचे. पीठ आलं का, सार जमलं का, चाख आणि सांग. खताच्या ढिगाशी नेऊन मूठभर खत तिच्या नाकाशी धरायचे आणि वास कसा येतोय ते विचारायचे. ती सांगायची, ते मान हलवायचे, आणि उत्तर बरोबर की चूक ते कधीच बोलायचे नाहीत. याचाच तिला सगळ्यात जास्त राग यायचा. रोज पेपर लिहायचा आणि निकाल कधीच नाही.

कॉलेजच्या दुसऱ्या गटातली मुलं एका मोठ्या शेतावर होती. तिथे माती तपासायची प्रयोगशाळा होती, ट्रॅक्टर होते. भिंगरीने कॉलेजच्या सरांना पत्र लिहून तिकडे जायची परवानगी मागितली. पंडितने तिला समजावून पाहिलं. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस म्हणाला. तिने ऐकलं नाही. बुधवारी सरांचं उत्तर आलं. शनिवारच्या बसने निघायला हरकत नव्हती.

त्याच दुपारी मामांनी साराचं पातेलं उतरवलं आणि चमचा पुढे केला. सार खारट झालं होतं, घोट गिळवत नव्हता. बहुधा तिने मीठ टाकलं होतं आणि त्यांनीही. ती सांगणारच होती, पण मग वाटलं, आपणच का? एकदा यांचीही परीक्षा होऊन जाऊ दे.

"छान झालंय," ती म्हणाली.

मामांनी पातेलं तसंच मेजावर नेलं. शेतावरची माणसं दमून आली होती. पहिल्याच घासाला पंडितने पाण्याचा पेला उचलला. एका मजुराने वाटी हळूच बाजूला सरकवली. ताई नुसता पाव मोडत राहिल्या. मामा मात्र शांतपणे सार पीत होते. दोन चमचे, तीन चमचे. मग त्यांनी मान वर केली, एकेकाचा चेहरा पाहिला, आणि त्यानंतर तोंड वाकडं करून म्हणाले की आज मिठाचा हात सैल सुटला वाटतं.

सगळे हसले. भिंगरीला हसू आलं नाही. तोंड वाकडं करण्याआधी त्यांनी माणसं पाहिली होती, हे फक्त तिच्याच लक्षात आलं होतं.

जेवणं आटोपल्यावर मामा पातेलं घासायला बसले. ती दारात आली, परत गेली, पुन्हा आली. शेवटी तिने कापड उचललं आणि धुतलेल्या वाट्या पुसायला लागली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

मामांचा हात थांबला नाही.

"दोन वर्षं होतील. ताप आला होता. ताप गेला, जाताना वासही घेऊन गेला आणि चवही."

"ताईंना माहीत नाही?"

"तिला कळलं तर ती मला अंगणातल्या बाकावर बसवेल. प्रेमानेच बसवेल. म्हणून तर तिच्याशी बोलता येत नाही."

मग आपणहूनच त्यांनी सांगितलं, की गेल्या वर्षी कॉलेजकडून आलेला मुलगा गुणी होता पण सगळ्यालाच छान म्हणायचा. दोन बरण्या फेकाव्या लागल्या. तिची जीभ खरी आहे, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. आजच्या साराबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सरांना कळवलं, की इथलं काम अर्धवट आहे, इथेच राहते. पत्र गेलं आणि चैन मात्र पडेना. आता प्रत्येक घास चारचारदा चाखावासा वाटू लागला. पीठ आंबलंय की नुसतं फुगलंय? खताला मातीचा वास येतोय की कुजल्याचा? आतापर्यंत ती बेधडक सांगत आली होती, आणि ते शेवटचं उत्तर असतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

शुक्रवारी शहरातल्या मोठ्या हॉटेलचा आचारी आला. खारवलेला कोबी पसंत पडला तर वर्षभराचा माल तो इथूनच नेणार होता. ताईही येऊन उभ्या राहिल्या. मामांनी बरणी उघडली. आचाऱ्याने वास घेतला, एक तुकडा तोंडात टाकला आणि मामांना विचारलं, हा आजच नेऊ की अजून राहू द्यायचा?

मामांनी तुकडा तोंडात घेतला. सावकाश चावत राहिले. भिंगरीने सकाळपासून त्याच बरणीतला कोबी तीनदा चाखला होता आणि तिन्ही वेळा तिला वेगळं वाटलं होतं. तिने कुणाला न विचारता बरणीत चमचा घातला आणि डोळे मिटून चावलं. आंबटपणा होता, पण खाली कुठेतरी कच्च्या पानाचा उग्रपणा उरला होता.

"अजून चार दिवस हवेत," ती म्हणाली.

मोठी माणसं बोलत असताना मध्येच तोंड घातल्यासारखं झालं. आचाऱ्याने भुवया उंचावल्या. ताईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं.

"पोरगी बरोबर सांगतेय," मामा म्हणाले.

आचाऱ्याने आणखी एक तुकडा खाल्ला, विचार केला, आणि मंगळवारी गाडी पाठवतो म्हणाला.

त्याला फाटकापर्यंत पोचवून ताई परतल्या, तेव्हा भिंगरी हौदावर चमचे धूत होती. आता बोलणी बसणार, म्हणून तिने आधीच माफी मागितली. ताईंनी ती ऐकलीच नाही. त्या तिच्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि बुटांना लागलेला चिखल काडीने काढू लागल्या.

"मुलं पाठवा म्हणून तुमच्या कॉलेजला दरवर्षी पत्र मी लिहिते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दोन वर्षं एकच अट घालतेय. एक तरी पोर खाण्यात चोखंदळ हवं."

भिंगरीच्या हातातले चमचे पाण्यात निसटले.

"त्यांना बोलू नकोस," ताई म्हणाल्या. "मला कळलंय असं समजलं तर ते स्वतःच बाकावर जाऊन बसतील."

त्या उठल्या आणि वाफ्यांकडे निघून गेल्या.

भिंगरी आत आली, तेव्हा मामा बरणीच्या तोंडाला फडकं बांधत होते. दोरीची गाठ त्यांनी दोनदा सोडून पुन्हा बांधली.

"ताई काय म्हणत होती?"

तिच्या पायात पुन्हा तीच चुळबुळ उठली होती, पण जायला कुठे जागा नव्हती.

"काही नाही," ती म्हणाली. "आणखी कोबी आणायला सांगितलाय."

मामांनी तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग कोपऱ्यातली टोपली उचलून तिच्या हातात दिली.